चूक दाखविण्याचा अधिकार

भाषेविषयी शंका विचारणारा माणूस एकाच वेळी दोन गोष्टी करीत असतो. आपल्याला अमुक एक गोष्ट ठाऊक नाही, हे तो उघड करतो. आणि समोरचा माणूस ती सांगताना आपला पाणउतारा करणार नाही, असा विश्वास त्याच्यावर टाकतो. पहिली गोष्ट सर्वांच्या लक्षात येते, दुसरी सहसा येत नाही. शंका तर अगदी लहान असते. लग्नपत्रिकेत 'आशीर्वाद' छापायचे की 'आशिर्वाद'? वडिलांच्या वर्षश्राद्धाच्या मिस्साची सूचना देताना 'स्मृतिदिन' म्हणावे की 'स्मृतीदिन'? रविवारच्या वाचनातील अमुक नावाचा उच्चार कसा करावा? एका ओळीत उत्तर देता येईल असे हे प्रश्न आहेत. परंतु त्या एका ओळीने विचारणारा पुढल्या वेळी पुन्हा विचारावयास धजतो, किंवा कायमचा गप्प बसतो.

भाषेची आवड असणारी माणसे एकत्र यावीत, एकाने शंका काढावी, दुसऱ्याने तिचे निरसन करावे, तिसऱ्याने त्या निरसनात भर घालावी, ही रीत जुनी आहे आणि आजही ती निरनिराळ्या स्वरूपांत चालू आहे. असे मंडळ कसे चालवावे, हा वरवर पाहता व्यवस्थेचा प्रश्न वाटतो. आमच्या मते तो नीतीचा प्रश्न आहे. दुसऱ्याच्या बोलण्यातील किंवा लिहिण्यातील चूक दाखविण्याचा अधिकार कोणाला असतो? तो कोठून येतो? आणि तो कोणत्या अटीवर वापरावयाचा?

प्रथम, चांगले उत्तर कसे असते ते पाहू. एखादा विद्यार्थी विचारतो, 'महत्व' असे लिहिले तर काय बिघडले? 'चूक आहे, महत्त्व असे लिही,' हे सांगणे खरे आहे. पण ते उत्तर नव्हे, तो हुकूम आहे. मूळ शब्द 'महत्', त्याला 'त्व' हा प्रत्यय लागला. म्हणून पहिल्या शब्दाच्या शेवटचा एक त आणि प्रत्ययातील दुसरा त, असे दोन त तेथे आले, इतके सांगितले की काम होते. मग 'तत्त्व' आणि 'सत्त्व' हे शब्द त्याचे त्यालाच उलगडतात, कारण 'तत्' आणि 'सत्' यांच्याही शेवटी त् आहे. 'मनुष्यत्व' आणि 'नेतृत्व' यांत एकच त का, हे सांगावयास तर कोणी लागतच नाही. कारण कळले की विचारणारा मोकळा होतो. केवळ हुकूम मिळाला की तो प्रत्येक शब्दासाठी पुन्हा त्याच दारात येतो, आणि दारात येणाऱ्यांची गर्दी हीच काही जाणकारांना आपली थोरवी वाटू लागते. उत्तर देणाऱ्याची पहिली कसोटी हीच आहे. आपल्यावाचून विचारणाऱ्याचे अडू नये, अशी त्याची इच्छा आहे की अडावे, अशी?

परंतु सर्वच शंका 'महत्त्व'सारख्या नसतात. शब्दाच्या घडणीतून काही नियम निघतात, तर काही केवळ संकेताने ठरलेले असतात. १९६२ पूर्वी छापलेले एखादे मराठी पुस्तक उघडावे. तेथे 'घरांत', 'केलें', 'तें' असे अनुस्वार पानापानावर दिसतील. 'कवि' आणि 'गुरु' हे शब्द ऱ्हस्व दिसतील. १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाने लेखनाचे १४ नियम केले आणि महाराष्ट्र शासनाने ते स्वीकारले. १९७२ मध्ये त्यांत ४ नियमांची भर पडून ते १८ झाले. ज्यांचा उच्चार होत नाही असे अनुस्वार गेले. 'कवी', 'गुरू', 'बुद्धी' हे शब्द एकटे असताना दीर्घ लिहावयाचे ठरले. समासात आले की मात्र 'कविराज', 'गुरुदक्षिणा', 'बुद्धिवैभव' असे ऱ्हस्वच राहिले. 'आणि' हा शब्द अपवाद म्हणून ऱ्हस्व उरला. आजोबांनी १९५० साली 'कवि' असे लिहिले ते बिनचूक होते. नातवाने आज तेच लिहिले तर त्याखाली तांबडी रेघ येते. दोघांच्या बुद्धीत वा चारित्र्यात काही अंतर पडले का? संकेत तेवढा बदलला.

संकेत बदलतो म्हणून तो निरुपयोगी आहे, असे आम्ही म्हणत नाही. वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने हाकावीत हाही संकेतच आहे, आणि तो सर्वांनी पाळला म्हणूनच आपण सुखरूप घरी पोहोचतो. मात्र उजव्या बाजूने वाहने हाकणाऱ्या देशातील माणसाला आपण अधर्मी म्हणत नाही. भाषेच्या बाबतीत हा विवेक आपण विसरतो. संकेत मोडणाऱ्याला आपण केवळ 'संकेत चुकला' असे म्हणत नाही. 'अशुद्ध लिहितो', 'अशुद्ध बोलतो' असे म्हणतो.

हा 'अशुद्ध' शब्द क्षणभर तपासून पाहावा. आपल्या देशात 'शुद्ध' आणि 'अशुद्ध' ही विशेषणे केवळ लेखनाला लागली नाहीत. ती माणसांना, स्वयंपाकघरांना आणि पाणवठ्यांना लागली. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले, तेव्हा ते तळे बाटले असे मानून मागाहून त्याच्या 'शुद्धी'चा विधी करण्यात आला. ज्या शब्दाच्या मागे असा इतिहास उभा आहे, तो शब्द एखाद्या मुलाच्या वहीवर लिहिताना हात थोडा थांबावयास हवा. अनेक अभ्यासक आता 'शुद्धलेखन' न म्हणता 'प्रमाणलेखन' म्हणतात, ते आम्हांला योग्य वाटते. अमुक लेखन प्रमाण आहे असे म्हटले की दुसरे लेखन वेगळे ठरते; ते मलिन ठरत नाही.

लेखनापेक्षाही बोलण्याच्या बाबतीत हा प्रश्न अधिक जिव्हारी लागतो. किनाऱ्यावरील कोळीवाड्यांपासून खानदेशापर्यंत असंख्य मराठी घरांत 'पाणी' हा शब्द 'पानी' असा उच्चारला जातो. वसईच्या परिसरातील आपल्या कुटुंबांत सामवेदी आणि वाडवळी या बोली पिढ्यान्‌पिढ्या नांदत आल्या आहेत. या बोलींना स्वतःचे व्याकरण आहे. ते पुस्तकात बांधलेले नसले तरी बोलणाऱ्यांच्या जिभेवर पक्के बसलेले आहे. बोलीत कोणी वावगा प्रयोग केला तर घरातील अशिक्षित आजीलाही तो तत्काळ खटकतो. नियमच नसते, तर तिला काय खटकले असते? तरीही अशा घरातील मूल शाळेत जाते, तोंड उघडते, वर्ग हसतो, आणि ते मूल उत्तर ठाऊक असूनही पुन्हा हात वर करीत नाही. त्याचा गुन्हा काय? ते आपल्या आईसारखे बोलले. 'तू अशुद्ध बोलतोस' या वाक्याचा त्या मुलाला कळणारा अर्थ 'तुझी आई अशुद्ध बोलते' एवढाच असतो. पुढे हेच मूल मोठे होते, आणि आपल्या मुलांशी ती बोली बोलावयाचे टाळते. एका हसण्याची किंमत कधी कधी एवढी मोठी असते.

उच्चारावरून माणूस ओळखावा आणि ओळखून त्याला वेगळे काढावे, ही खोड किती जुनी आहे हे बायबल वाचणाऱ्यांना सांगावयास नको. शास्ते या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात यार्देन नदीच्या उतारावर गिलादचे लोक पहारा देत बसतात. पार जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला ते 'शिब्बोलेथ' हा एक शब्द उच्चारावयास लावतात. एफ्राईमच्या लोकांना 'श' म्हणता येत नाही, ते 'सिब्बोलेथ' म्हणतात, आणि तेथेच त्यांचा वध होतो. त्या वेळी बेचाळीस हजार माणसे पडली, असे तो अध्याय सांगतो. मत्तयच्या शुभवर्तमानात प्रमुख याजकाच्या वाड्याच्या अंगणात पेत्र ओळखला जातो, तोही त्याच्या गालीली बोलण्यावरून. त्या रात्री पेत्राच्या बोलण्यात दोष होता खरा. पण तो उच्चाराचा नव्हता, नाकारण्याचा होता. ऐकणाऱ्यांनी नेमका उच्चार तेवढा पकडला. 'श' आणि 'स' यांच्यामधील ते अंतर आणि आपल्या 'ण' व 'न' यांच्यामधील अंतर जातीने एकच आहे. नदीच्या उतारावरील तलवार आता नाही. परंतु मुलाखतीच्या टेबलापलीकडे, वक्तृत्व स्पर्धेच्या परीक्षकांत आणि कधी कधी आपल्या वाचकपीठाच्या आसपासही तो पहारा बसलेला असतो.

आपल्या व्याकरणाच्या परंपरेत या पहाऱ्याला उत्तर नाही, असे कोणी समजू नये. पाणिनीने अमुक रूप पूर्वेकडील लोकांच्या मते असे होते, तमुक उत्तरेकडील लोकांच्या मते तसे होते, अशी नोंद आपल्या सूत्रांत केली आहे; एका जागी दोन रूपे चालतात, हे सांगावयास त्याला कमीपणा वाटला नाही. पतंजलीने महाभाष्यात एक गमतीदार संवाद दिला आहे. एक वैयाकरण एका सारथ्याला रथाच्या चालकाविषयी विचारतो आणि चालकासाठी व्याकरणाच्या नियमाने सिद्ध होणारे 'प्रवेता' हे रूप वापरतो. सारथी उत्तर देताना 'प्राजिता' हे रूप वापरतो. वैयाकरण त्याला अपशब्द ठरवितो. तेव्हा सारथी त्यास सुनावतो की, नियमाने काय प्राप्त होते ते तुम्हांला कळते, लोकांना काय इष्ट आहे ते कळत नाही. भाष्यकाराने हा संवाद आपल्या ग्रंथात ठेवला आणि त्यात सरशी सारथ्याची होऊ दिली. पतंजली आणखीही एक निरीक्षण नोंदवितो. घट हवा असलेला माणूस कुंभाराच्या घरी जाऊन घट घडविण्यास सांगतो. शब्द हवा असलेला माणूस मात्र वैयाकरणाच्या घरी जाऊन शब्द घडवून मागत नाही. शब्द लोकांकडे आधीच असतात. व्याकरणकार त्यांचा हिशेब ठेवतो. तो त्यांचा मालक नाही.

आपल्या समाजाच्या वाङ्मयाचा तर आरंभच या जाणिवेतून झाला आहे. इंग्लंडमधून १५७९ साली गोव्यात आलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापून प्रसिद्ध झाले. मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या या कवीने आपल्या पुराणाच्या प्रस्तावनेत भाषेविषयीचे एक धोरण स्पष्ट केले आहे. निव्वळ शुद्ध मराठी सामान्य लोकांस उमजत नाही, म्हणून जुन्या कवींचे अवघड शब्द आपण टाकले आणि त्या प्रदेशातील सोपे शब्द ठिकठिकाणी मिसळले, असा त्याचा आशय आहे. व्याकरण ठाऊक नसल्यामुळे त्यांनी असे केले काय? मुळीच नव्हे. कोंकणीचे त्यांनी रचिलेले व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली रायतूर येथे छापले गेले. नियम जाणणाऱ्या माणसाने, ऐकणाऱ्याच्या सोयीसाठी, जाणीवपूर्वक शुद्धतेचा आग्रह सैल केला. नियम ठाऊक नसल्यामुळे होणारी सरमिसळ वेगळी, आणि प्रेमापोटी केलेली सरमिसळ वेगळी. आज आपण ज्यांना निखालस आपले शब्द समजतो, ते 'पाद्री', 'मिस्सा' आणि 'क्रूस' पोर्तुगिजांकडून आले. तसेच 'पाव', 'बटाटा' आणि 'चावी'ही आले. त्या काळी कोणी त्यांना अशुद्ध म्हणून परत पाठविले असते, तर आज आपण प्रार्थनेतही मुके झालो असतो आणि न्याहारीतही.

स्टीफन्सच्या सुमारे १२०० वर्षे आधी होऊन गेलेले संत ऑगस्टिन धर्मांतरापूर्वी वक्तृत्वाचे शिक्षक होते. भाषेच्या चोखंदळपणाचे मोल आणि मोह दोन्ही त्यांना आतून माहीत होते. आपल्या 'कन्फेशन्स' या आत्मकथनाच्या पहिल्याच भागात ते एका विसंगतीवर बोट ठेवतात. लॅटिनमध्ये माणसाला 'होमो' म्हणतात. त्यातील 'ह' गाळून कोणी हा शब्द उच्चारला तर विद्वानांना जेवढा संताप येतो, तेवढा त्या बोलणाऱ्याने प्रत्यक्ष माणसाचा द्वेष केला तर येत नाही, अशी त्यांची तक्रार आहे. शब्दातील एक वर्ण गळला तर आम्ही दचकतो. शब्दाने दर्शविलेला माणूसच आमच्या मनातून गळला तर आमच्या लक्षातही येत नाही. पुढे धर्माचार्य झाल्यावर, लोकांना न समजण्यापेक्षा व्याकरणकारांचा बोल पत्करणे बरे, अशी भूमिका त्यांनी प्रवचनांत घेतली.

येथे एक रास्त आक्षेप निघेल. मग काहीही लिहावे, कसेही लिहावे, आणि त्याला बोली म्हणून मोकळे व्हावे काय? आम्हांला हे मान्य नाही. इतकेच नव्हे, तर 'सगळे चालते' असे सांगणे हे आम्ही दयेचे नव्हे, बेफिकिरीचे लक्षण मानतो. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. एका वेलांटीने अर्थ पालटतो. अर्ज, करार, औषधावरील सूचना, परीक्षेचा पेपर, या ठिकाणी लिहिणारा आणि वाचणारा समोरासमोर नसतात. 'तुम्हांला काय म्हणावयाचे आहे?' असे विचारता येत नाही. तेथे सर्वांना ठाऊक असलेला संकेतच कामी येतो. शिवाय प्रमाणभाषा न येण्याचा दंड कोण भरतो, तेही पाहावे. ज्याच्या घरी पुस्तकांची कपाटे आहेत, त्याला ती घरबसल्या मिळते. ज्याच्या घरी नाहीत, त्याला 'तुझे आहे ते छान आहे' असे म्हणून परत पाठविणे म्हणजे बंद दाराशी उभ्या माणसाला किल्ली न देता दाराची नक्षी दाखविणे होय. खानदेशातील निरक्षर बहिणाबाई चौधरी यांची गाणी त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली पुस्तकरूपाने आली आणि मराठी वाङ्मयात मानाने बसली. बोलीचे सामर्थ्य त्यांनी निर्विवाद सिद्ध केले. परंतु ती गाणी कोणी तरी लिहून ठेवली, छापली आणि वाचकांपर्यंत नेली, तेव्हाच ती उरली. वसईच्या मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली धाराशिव येथील ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांनी २०१० साली बायबलचे जे भाषांतर दिले त्याचे नाव 'सुबोध बायबल' असे आहे. भाषेवरील प्रभुत्व आणि सामान्य वाचकाविषयीची आस्था यांचे वैर नाही, हे त्या नावातच आले.

तेव्हा शंका विचारणाऱ्याला बहुतेक वेळा दोन पदरांचे उत्तर द्यावे लागते. 'पानी' बरोबर की 'पाणी'? तुझ्या घरी, तुझ्या गावी, तुझ्या गाण्यात 'पानी' पूर्णपणे बरोबर आहे. परीक्षेत आणि अर्जात 'पाणी' लिही, कारण तेथील संकेत तसा आहे. 'क्रूस' म्हणावे की 'वधस्तंभ'? आपल्या प्रार्थनेत 'क्रूस' रुळला आहे, प्रॉटेस्टंट बंधूंच्या बायबलमध्ये 'वधस्तंभ' आहे. दोघांचा रोख एकाच ठिकाणी आहे. असे उत्तर थोडे लांबते, पण विचारणाऱ्याचे काहीही हिरावून न घेता त्याच्या हाती आणखी एक गोष्ट ठेवते.

आता अधिकाराच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. बंधूची चूक दाखविण्याविषयी ख्रिस्ती नीतिविचारात फार बारकाईने लिहिले गेले आहे. मत्तयच्या अठराव्या अध्यायात प्रभूने घालून दिलेला क्रम प्रसिद्ध आहे: अपराध दाखवावयाचा तर प्रथम एकांतात, दोघांतच. संत थॉमस अक्विनास यांनी 'सुम्मा थिओलॉजिका'मध्ये या विषयाला एक स्वतंत्र प्रश्न दिला असून दोन प्रकारच्या सुधारणांत भेद केला आहे. चूक करणाऱ्याच्या हितासाठी केलेली सुधारणा हे प्रीतीचे कृत्य. सर्वांच्या हितासाठी केलेली सुधारणा हे न्यायाचे कृत्य. पहिली सर्वांवर बंधनकारक आहे, दुसरी ज्यांच्याकडे तसा अधिकार आहे त्यांच्याकडे सोपविलेली आहे. आपल्या सांगण्याने तो माणूस सुधारण्याऐवजी अधिक बिघडेल असे दिसत असेल, तर प्रीतीने केली जाणारी सुधारणा थांबवावी, असेही ते सांगतात.

व्याकरणातील चूक म्हणजे पाप नव्हे, हे उघडच आहे. परंतु पाप दाखवितानादेखील ज्या मर्यादा पाळावयाच्या, त्या वेलांटी दाखविताना सैल कशा होतील? उलट त्या अधिक कडक व्हावयास हव्यात. परीक्षेचा पेपर तपासणारा शिक्षक आणि मुद्रिते वाचणारा संपादक यांचे काम न्यायाच्या बाजूचे आहे. त्यांनी चूक पाहून न पाहिल्यासारखे करणे हा कर्तव्यात कसूर होय. बाकी आपण सर्व प्रीतीच्या बाजूचे आहोत. मृत्यूची बातमी कळविणाऱ्या पत्रातील ऱ्हस्वदीर्घ आपण सुधारू लागलो, तर आपण ते पत्र वाचलेच नाही असे म्हणावे लागेल. पहिल्यांदाच वाचकपीठावर उभ्या राहिलेल्या बाईंचा 'ण' सर्वांदेखत सुधारण्यात देवशब्दाची कोणतीही सेवा नाही. नंतर, एकटीला, आणि तिची इच्छा असेल तर सांगावे. जो आपण होऊन विचारतो त्याने मात्र आपल्याला तो अधिकार दिलेला असतो. आणि त्याने जेवढा प्रश्न विचारला तेवढ्यापुरताच दिलेला असतो. 'महत्त्व'विषयी विचारणाऱ्याच्या उरलेल्या पत्रातील दहा चुका न मागता त्याच्यापुढे मांडणे, हा दिलेल्या अधिकाराचा गैरवापर आहे.

शंकांचे मंडळ चालविणाऱ्यांसाठी एक मोठे उदाहरण इतिहासात आहे. इंग्रजीचा ऑक्सफर्ड कोश तयार करताना संपादक जेम्स मरे यांनी १८७९ साली सर्वसामान्य वाचकांना आवाहन केले: पुस्तके वाचा, शब्दांचे प्रयोग चिठ्ठ्यांवर उतरवा आणि आमच्याकडे पाठवा. मरे यांचे स्वतःचे शालेय शिक्षण चौदाव्या वर्षी थांबले होते. देशोदेशींच्या स्वयंसेवकांनी लक्षावधी चिठ्ठ्या धाडल्या. १९१५ साली मरे वारले, १९२८ साली कोश पुरा झाला, आणि त्यात ४ लाखांहून अधिक शब्द आले. सर्वाधिक उपयोगी पडलेल्या स्वयंसेवकांत डॉ. विल्यम मायनर हे एक होते. त्यांच्या हातून एका माणसाचा खून झाला होता आणि न्यायालयाने वेडसर ठरवून त्यांना ब्रॉडमूरच्या मनोरुग्णालयात ठेवले होते. ते कोण आहेत हे कळल्यावरही मरे यांनी त्यांच्या चिठ्ठ्या नाकारल्या नाहीत. चिठ्ठी पाठविणाऱ्याची पत न पाहता चिठ्ठीतील शब्द पाहावयाचा, हा त्या कामाचा पाया होता. भाषेविषयीचे ज्ञान विद्वानांच्या दिवाणखान्यात साठत नाही, ते सर्वांच्या तोंडी विखुरलेले असते. म्हणून ते गोळा करणाऱ्याने कोणालाही दारातून परतवू नये.

अशा मंडळात मोह मात्र पुष्कळ असतात. सर्वांच्या आधी उत्तर देण्याचा मोह असतो. त्यापायी कोश न उघडताच ठासून बोलले जाते. नवख्याच्या प्रश्नाला 'एवढेही ठाऊक नाही?' म्हणण्याचा मोह असतो. जुन्या सभासदांना त्यातून परस्परांत हसावयास मिळते आणि तो नवखा पुन्हा येत नाही. दोन जाणकारांत वाद जुंपला की विचारणारा बाजूलाच राहण्याचा धोका असतो. मंडळ चालविणाऱ्याचे खरे काम येथे सुरू होते. उत्तराला कारण किंवा आधार असावा, हे त्याने पाहावे. दोन उत्तरे संभवत असतील तर दोन्ही उभी राहू द्यावीत. वाद शब्दांचा असावा, माणसांचा नसावा, यावर त्याने लक्ष ठेवावे. ज्याची शंका बाळबोध आहे त्याची सर्वांत अधिक काळजी घ्यावी, कारण तीच शंका आणखी पन्नास जणांच्या मनात असते आणि त्यांना ती विचारण्याचे धैर्य झालेले नसते. त्या पन्नासांच्या वतीने एकाने स्वतःचे हसे होण्याची जोखीम पत्करलेली असते. आभार मानावयाचे तर प्रथम त्याचे मानावेत.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपणा सर्वांना त्याचा आनंद झाला, आणि तो योग्यच होता. परंतु भाषा जगते ती तिच्यात बोलावयास न भिणाऱ्या माणसांवर. ज्या घरातील मुले आईच्या बोलीची लाज बाळगतात आणि प्रमाण मराठीची भीती बाळगतात, त्या घरात थोड्याच वर्षांत दोन्ही उरत नाहीत. तेथे तिसरीच भाषा येऊन बसते. ही लाज आणि ही भीती कोणा परक्याने आणून दिलेली नाही. चांगले मराठी जाणणाऱ्या आपल्यातल्याच माणसांच्या हसण्यातून ती आलेली आहे.

म्हणून आमच्या वाचकांकडे आमचे एवढेच मागणे आहे. आपल्या घरी, धर्मग्रामात, मंडळात कोणी शब्दाविषयी काही विचारले तर त्याला कारणासह, शांतपणे आणि तो विचारील तेवढेच सांगावे. न विचारणाऱ्याची चूक दिसली तर ती सांगितल्याने त्याचे भले होईल की आपली विद्वत्ता तेवढी दिसेल, हे बोलण्याआधी स्वतःला विचारावे. उत्तर दुसऱ्या प्रकारचे आले, तर ती वेलांटी तशीच राहू द्यावी. तिने मराठीचे फारसे नुकसान होत नाही. तिच्यावाचून गप्प झालेल्या माणसाने मात्र होते.